व्हीलचेअरवरून ‘बेस’ होताना

समावेशक चीअरलीडिंगच्या, म्हणजे अपंग आणि अपंग नसलेले खेळाडू एकत्र असणाऱ्या संघात नाव नोंदवताना माझी समजूत अशी होती की, व्हीलचेअर वापरणाऱ्या खेळाडूला कडेला बसवून हातात पॉम्पॉम देतील आणि स्टंट बाकीचे करतील. पहिल्याच सरावात प्रशिक्षिकेने माझा कमरेवरचा तोल तपासला आणि खुर्चीचे ब्रेक स्वतः ओढून पाहिले. मला बेस व्हायचे होते. म्हणजे वर चढणारी खेळाडू, फ्लायर, माझ्या मांड्यांवर उभी राहणार होती.

हे जमायला पाच महिने लागले आणि त्यांतला बराच काळ माझ्यापेक्षा खुर्चीसाठीच गेला. माझ्या खुर्चीच्या ब्रेकची पट्टी टायरवर दाबून बसते. टायरमध्ये हवा कमी असली तर ब्रेक लावूनही चाक सरकते, हे दहा वर्षे खुर्ची वापरूनही मला ठाऊक नव्हते, कारण तोवर माझ्या मांडीवर कोणी चढलेच नव्हते. खुर्ची किंचित मागे घेऊन थांबवली की पुढची लहान चाके पुढच्या बाजूला वळतात, पाया लांबतो आणि पुढे कलंडण्याचा धोका कमी होतो, हेही तेव्हाच कळले. मागे उलटू नये म्हणून जादा चाके बसवली आणि छातीला पट्टा आला.

मणक्याच्या दुखापतीमुळे माझ्या मांड्यांना स्पर्श कळत नाही. फ्लायर दर वेळी “दुखतंय का?” असे विचारी आणि “कळतच नाही” हे माझे खरे उत्तर तिला मुळीच धीर देणारे नसे. अखेरीस तिचे पाऊल नेमके कुठे पडते हे बघून सांगण्याचे काम मागे सावरायला उभ्या असणाऱ्या स्पॉटरकडे गेले आणि सरावानंतर त्वचेवर लाल डाग उरला आहे का, हे पाहण्याचे माझ्याकडे.

आमच्यातल्या एका खेळाडूला ऐकू येत नाही. तो माझ्या खांद्यांवर नजर ठेवून तालाची एक ते आठ अशी मोजणी धरतो, त्यामुळे मी चुकले की दोघेही चुकतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय चीअर युनियनला या खेळाची जागतिक संघटना म्हणून पूर्ण मान्यता दिली, तरी आम्ही नक्की कोणाला प्रोत्साहन देतो, असे लोक अजूनही विचारतात. स्पर्धेत आम्हीच उतरतो, हे सांगून मी कंटाळले आहे.

पहिल्या सादरीकरणात फ्लायर माझ्या मांड्यांवर जेमतेम दोन आठ, म्हणजे सोळा मोजेपर्यंत, उभी राहिली. ती उतरली तेव्हा टाळ्या वाजत होत्या. ती माझ्या मांड्यांकडे पाहत होती आणि मी टायरकडे.