हलगी वाजली, दिवे जागचे हलेनात

मावसभावाचा डीजे आहे, दिवे माझ्याकडे. आठ पार म्हणजे रंग बदलणारे दिवे, चार शार्पी म्हणजे फिरत्या झोताचे, आणि लखलखाट करणारा एक स्ट्रोब. पारमध्ये माइक असतो, साउंड मोडवर टाकला की तो आवाजावर रंग बदलतो. पण शिट्टी मारली तरी बदलतो, ते मला कधीच पटलं नाही. म्हणून मिक्सरच्या आउटची वायर लॅपटॉपला जोडली आणि स्वतःच प्रोग्रॅम लिहिला.

आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने येतात. १,०२४ नमुन्यांचा एक तुकडा, म्हणजे २३ मिलिसेकंद. तुकड्यातली ४० ते १२० हर्ट्झची, म्हणजे खालच्या जाड आवाजाची ताकद मोजायची. मागच्या सेकंदभराच्या सरासरीच्या दीडपट झाली की किक, म्हणजे ढोलाचा जाड ठोका, पडली असं धरायचं आणि पुढचे २०० मिलिसेकंद दुसरी किक मानायची नाही. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ४६९ मिलिसेकंद असतात, त्यामुळे हे छान चालायचं.

मग तासगावकडच्या एका हळदीत भावानं गाणं थांबवून माइक हलगीवाल्यांपुढे ठेवला. हलगी, घुमकं, कैताळ. अख्खा मांडव उठला, आणि माझे दिवे तसेच निळे. मला फार वाईट वाटलं. हलगीचा कडकडाट वरच्या पट्टीत असतो आणि मी खालीच कान लावून बसलो होतो.

घरी येऊन २,००० ते ५,००० हर्ट्झचा दुसरा पट्टा जोडला. तिथं ताकद मोजत नाही, मागच्या तुकड्यापेक्षा ती एकदम किती चढली ते बघतो. थांबायची वेळ ८० मिलिसेकंदांवर आणली, नाहीतर दुगणीतले, म्हणजे दुप्पट लयीतले ठोके गिळले जातात. हे ठोके स्ट्रोबला मात्र दिले नाहीत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट झाला तर फिट येण्याचा त्रास असलेल्याला खरंच धोका असतो, आणि हळदीत लहान पोरं, म्हातारी माणसं सगळीच असतात. त्याऐवजी प्रत्येक ठोक्याला पुढचा पार पेटतो, म्हणजे उजेड हलगीबरोबर ट्रसवरून, दिवे टांगलेल्या लोखंडी सांगाड्यावरून, पळत जातो.

उशीर थोडा राहतोच. तुकडा भरायला २३, डीएमएक्स म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणारी वायर, तिच्या पूर्ण ५१२ चॅनेलची एक फेरी जायला जवळपास तेवढेच. सगळं मिळून ५० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज १७ मीटर जातो. त्यामुळे स्पीकरपुढे नाचणाऱ्यांना दिवा किंचित मागे वाटतो, आणि मांडवाच्या टोकाला बायका बसतात तिथं ठोका नि उजेड अगदी एकत्र पोचतात. मी तिथं जाऊन उभा राहून पाहिलं.

पुढच्या लग्नात तेच हलगीवाले होते. त्यांतले वयस्कर काका मधेच थांबले, वर बघून म्हणाले, "आता हळू वाजवतो. बघ बरं, कळतंय का तुझ्या लाइटला."

बारीक काडीनं अलगद ठोका टाकला. पहिला पार मंद पेटला, मग दुसरा, मग तिसरा. काका हलगीकडे न बघता वरच बघत वाजवत राहिले.