चार अंश, धुकं आणि साडेतीन एफपीएस

जानेवारीत हरियाणातल्या एका तिरंदाजी शिबिरात उपकरणांची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी सहा वाजता पारा चार अंशांवर. मैदानावर धुकं इतकं दाट, की ७० मीटरवरच्या बट्रेसवरचा (लक्ष्य लावायच्या जाड गादीवरचा) पिवळा गोल दिसायलाच आठ वाजायचे. दुपारी ऊन पडलं की तिथंच एकोणीस-वीस अंश व्हायचे. साताऱ्याहून आलेल्या एका रिकर्व्ह (टोकांशी पुढे वळलेलं धनुष्य) खेळाडूची तक्रार चार दिवसांपासून तीच होती: सकाळी बाण खाली, दुपारी वर. रोज सकाळी ती साईट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) चार मिलिमीटर खाली घ्यायची आणि रोज दुपारी पुन्हा वर चढवायची. पाचव्या दिवशी पहिले सहा बाण केंद्राच्या तीस सेंटीमीटर खाली, निळ्यात गेले तेव्हा तिनं विचारलं, "सर, लिंब थंडीनं मऊ पडलेत का?"

शिबिरात जो तो लिंबलाच, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांनाच, बोल लावत होता. एक जण म्हणे आखडले, दुसरा म्हणे मऊ पडले. मोजलं मात्र कुणीच नव्हतं. तिला म्हटलं, "साईटला हात लावू नकोस. आज सगळं एकेक करून काढू."

आधी तिचं सामान सांगतो, कारण पुढचे आकडे त्याच्याशीच बांधलेले आहेत. ६६ इंची धनुष्य, २५ इंची अॅल्युमिनियमचा रायझर (मुठीचा मधला भाग), कार्बन-फोमचे लिंब, बोटांवर ३८ पाउंड ताण. बाण बारीक कार्बनचा, पॉइंट, नॉक (दोरीत अडकणारी मागची टोपी) आणि पिसांसकट २९० ग्रेन, म्हणजे पावणेएकोणीस ग्रॅम. दुपारचा वेग १९६ एफपीएसच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १९६ फूट, साठ मीटरच्या थोडा आत. या वेगानं ७० मीटर गाठायला बाणाला साधारण सव्वा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तो सोडलेल्या रेषेपासून साडेसात मीटर खाली येतो. वेग एक टक्का घटला की ही घसरण दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे नुसत्या एका एफपीएसमागे बाण साडेसात सेंटीमीटर खाली. १२२ सेंटीमीटरच्या टार्गेटवर एक वलय ६.१ सेंटीमीटर रुंद असतं. तेव्हा एक एफपीएस गेला की एक वलय गेलंच, वर थोडं अधिकच.

(कंपाउंडवाल्यांना, म्हणजे कप्प्यांचं धनुष्य वापरणाऱ्यांना, हे इतकं जाणवत नाही. ५० मीटर, वेग २८० एफपीएस, हवेतला वेळ ०.६ सेकंद, एका एफपीएसला जेमतेम सव्वा सेंटीमीटर पडतो. शेजारच्या रांगेतला अमरावतीचा कंपाउंडवाला त्याच धुक्यात दहा मारत होता, त्यामागचं अर्धं कारण हे. थंडीनं त्याला त्रास दिला तो वेगळाच: रिलीजमधलं (दोरी सोडायच्या यंत्रातलं) ग्रीस घट्ट होऊन ट्रिगर जड झाला होता. ग्रीस पुसून कोरडं ग्राफाइट घातलं, काम झालं.)

हवेचा हिशेब आधी उरकला. थंड हवा दाट असते. वीस अंशांवरून चारवर आलं, की घनता पावणेसहा टक्क्यांनी वाढते. धनुष्यातून सुटतानाच्या वेगावर याचा परिणाम नाही. वाटेतला अडथळा तेवढा वाढतो. अशा बारीक बाणाला त्यामुळे ७० मीटरवर चार-पाच सेंटीमीटर जास्त घसरण लागते. तिची घसरण तीस होती. मग उरलेले पंचवीस गेले कुठे?

धुक्याची हवा जड असते, बाण त्यात अडखळतो, असं मैदानावर फार ऐकू येतं. ते खरं नाही. दाट धुक्यातही एका घनमीटर हवेत तरंगणारं पाणी अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर, आणि त्या हवेचं वजन सव्वा किलो. बाणाला ते पाणी वाटेत जाणवतही नाही. धुकं नडतं ते सामानावर बसल्यावर.

आता क्रोनोग्राफ, म्हणजे वेगमापक. हे यंत्र वरच्या उजेडात बाणाची सावली टिपतं, आणि धुक्यात ते साफ चुकतं. पहिल्याच बाणाला त्यानं २४१ दाखवलं. म्हणून ते व्हरांड्यात आणलं, वर इन्फ्रारेड दिव्यांच्या पट्ट्या लावल्या, आणि गारठ्यानं बॅटरी उतरते म्हणून बॅटरी तोवर खिशात ठेवली. पट्ट्या धनुष्यापासून दोन मीटरवर, बट्रेस पाच मीटरवर. प्रत्येक बदलानंतर दहा बाण, सगळे क्लिकर (बाण ठरल्याइतका ओढला की वाजणारी पट्टी) वाजल्यावर सोडलेले. बोटांनी सोडलेल्या धनुष्यात एकदोन बाणांचा आकडा काहीच सांगत नाही. दहांची सरासरी हवी, आणि त्या दहांत किती फरक पडतो तेही लिहून ठेवावं लागतं.

जसं होतं तसं, जॅकेटसकट: सरासरी १९२.४. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ बाणात चार एफपीएसचं अंतर. दुपारचा आकडा १९५.९ होता, म्हणजे साडेतीन एफपीएस गायब. साडेसातनं गुणा, सव्वीस सेंटीमीटर. हवेचे चार-पाच मिळवले की तीस जुळतात. हिशेब बसला तेव्हा मला हायसं वाटलं, कारण याचा अर्थ सगळा दोष मोजता येईल अशाच गोष्टींत होता.

पहिला संशय बाहीवर: सुटती स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) तिला घासत असावी. स्ट्रिंगच्या मधल्या भागावर टाल्कम पावडर चोपडली आणि तिला एक बाण सोडायला लावला. डाव्या कोपराच्या वर, बाहीच्या छातीकडच्या बाजूला बोटभर लांबीचा पांढरा पट्टा उमटला. दुसरा पट्टा छातीवर, चेनजवळ. चेस्टगार्ड तिनं घातला होता, पण जॅकेटच्या आत. थंडीत ही चूक सगळेच करतात: गार्ड नेहमीच्या जागी, त्यावर जाड कपडा. चेस्टगार्ड जॅकेटवरून घेतला, बाहीला मनगटापासून दंडापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलं, फार घट्ट नाही, रक्त फिरतं राहील इतकंच. पुन्हा दहा बाण: १९३.८. आणि अंतर चारवरून अडीचवर आलं. सरासरीपेक्षा हे दुसरं मला मोलाचं वाटतं. बाही दर वेळी सारखी लागत नाही, त्यामुळे बाण नुसते खाली जात नाहीत, वर-खाली पसरतात.

दुसरं, बाण. क्विव्हर (भाता) तासभर उघड्यावर होता. शाफ्टवर दव, पिसांवर थेंब, नॉकच्या खाचेत पाणी. एक बाण तसाच ग्रेनच्या काट्यावर ठेवला: २९२.६. पुसून: २९०. अडीच ग्रेन म्हणजे पाण्याचे तीन-साडेतीन थेंब. बाराही बाण सुती फडक्यानं पुसले, नॉकच्या खाचेतलं पाणी कापसाच्या काडीनं टिपलं. १९४.४.

तिसरं, स्ट्रिंग. इथं मी जास्त वेळ घातला. स्ट्रिंगरनं धनुष्य उतरवून स्ट्रिंग हातात घेतली तर ती ओलसर लागली आणि सर्व्हिंगच्या (मध्यावर गुंडाळलेल्या दोऱ्याच्या) वरचा-खालचा भाग लोकरीसारखा फुललेला. मेण कधीचंच गेलं होतं. डायनीमाचा (स्ट्रिंगचा कृत्रिम) धागा स्वतः पाणी पीत नाही, पण अठरा धाग्यांच्या मधल्या फटींत पाणी धरून राहतो; मेणाचं काम त्या फटी बुजवण्याचं. काट्यावर ओली स्ट्रिंग ७.४ ग्रॅम. फडक्यात दाबून, खोलीत दोन तास टांगून पुन्हा तोलली: ६.५. नऊशे मिलिग्रॅम पाणी, म्हणजे चौदा ग्रेन.

स्ट्रिंगचं सगळं वजन बाणावर पडत नाही. तिची टोकं लिंबजवळ जेमतेम हलतात, मधला भाग बाणाच्या वेगानं धावतो, त्यामुळे तिच्या वजनाचा एक तृतीयांश बाणाला जोडल्यासारखा धरतात. चौदाचा तिसरा हिस्सा साडेचार ग्रेन. पुसलेल्या बाणांवरून जितकं पाणी निघालं त्याच्या पावणेदोनपट ओझं ही एकटी दोरी देत होती. तिच्याकडे त्याच लांबीची, तितकेच पीळ दिलेली, नॉकिंग पॉइंट (नॉक बसायची खूण) त्याच जागी बांधलेली कोरडी जोडस्ट्रिंग होती (ही सवय तिला साताऱ्यातच कुणीतरी लावली होती, त्यांचे आभार). ती चढवली. दहा बाण: १९५.६, अंतर दीड.

मग लिंबची पाळी. धनुष्य थंडीतच केसमध्ये बंद केलं आणि तसंच केससकट अठरा अंशांच्या खोलीत तासभर ठेवलं. उघडं आत आणलं असतं तर गार अॅल्युमिनियमवर खोलीतली वाफ धरली असती, प्लंजरच्या (बाणाला बाजूनं टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीच्या) नळीत पाणी गेलं असतं आणि नवाच घोळ झाला असता. तासाभरानं बाहेर काढून लगेच दहा बाण: १९५.९. चार अंशांचे लिंब १९५.६, अठरा अंशांचे १९५.९. दहा बाणांच्या सरासरीत इतका फरक हाताचाही असू शकतो. आजच्या कार्बन-फोमच्या लिंबवर वलयं घालवल्याचा आळ घ्यायला चौदा अंशांचा फरक पुरत नाही, निदान या जोडीला पुरला नाही. लाकडी किंवा शिंग-स्नायूच्या जुन्या धनुष्याचं गणित निराळं. त्यांना थंडीपेक्षा ओल जास्त बाधते.

ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून स्ट्रिंगचं अंतर, सकाळी दोन मिलिमीटरनं कमी भरली, २२.४ ऐवजी २२.२ सेंटीमीटर. प्रशिक्षकांना वाटलं, चोर सापडला. पण ब्रेस हाइट उतरली तर बाण स्ट्रिंगवर किंचित जास्त वेळ राहतो, वेग झालाच तर वाढतो. ती उतरते याचं कारण मात्र जाणून घेण्यासारखं आहे. गारठ्यात अॅल्युमिनियम आखडतं, आणि डायनीमाचा धागा धातूच्या उलट वागतो: गारठ्यात लांबीला अगदी थोडा वाढतो. रायझरचा पाव मिलिमीटर आणि स्ट्रिंगचा पाव मिलिमीटर मिळून मधोमध एक-दोन मिलिमीटर दिसतात. दोन-तीन पीळ देऊन ती जागेवर आणली ती वेगासाठी नव्हे. बाण सुटण्याची जागा आणि धनुष्याचा आवाज रोज सारखा राहावा म्हणून.

नॉकही तपासला. बाण स्ट्रिंगला लटकवायचा आणि नॉकपासून दोन बोटं अंतरावर स्ट्रिंगला टिचकी मारायची. एका टिचकीत बाण सुटायला हवा. जुन्या स्ट्रिंगवर तो तीन टिचक्यांनीही सुटेना. गार प्लॅस्टिक ताठ झालेलं, आणि सर्व्हिंगवर जुन्या मेणाचा नि मातीचा थर. अशा नॉकनं वेग थोडाच जातो, पण बाण सुटताना शेपूट ओढली जाते आणि गट उभा पसरतो. सर्व्हिंग कोरड्या फडक्यानं घासली, तेव्हा एका टिचकीत सुटू लागला.

ओल्या स्ट्रिंगला हेअर ड्रायर किंवा हीटर लावू नका. तिथं एका मुलानं तेच चालवलं होतं, त्याला थांबवलं. डायनीमा दीडशे अंशांच्या आतच वितळतो, आणि त्याच्या बऱ्याच खालच्या उष्णतेतही ताणाखाली कायमचा लांबतो. आम्ही असं केलं: शिवणाच्या जाड दोऱ्याचा एक वेढा स्ट्रिंगभोवती घालून वरून खाली ओढत नेला. पाणी आणि काळपट जुनं मेण दोऱ्यापुढे गोळा होऊन निघालं. मग रात्रभर खोलीत टांगली. सकाळी मेणाची कांडी आधी खिशात ऊब देऊन मऊ केली, कारण गार मेण चुरा होऊन नुसतं वर बसतं, आत जात नाही. चामड्याच्या तुकड्यानं, बोटांना कोमट लागेल इतक्याच वेगानं घासलं. वरचं जास्तीचं पुसून टाकलं. तेही वजनच आहे. सर्व्हिंगला मेण नाही.

दुपारी तिनं मला तिची वही दाखवली. साताऱ्यातली साईटची खूण आणि इथली दुपारची खूण, यांतही अर्ध्याएक मिलिमीटरचा फरक. ती विचारात पडली होती, पण तो दोष नव्हता. सातारा सातशे मीटर उंचीवर, हे मैदान सव्वादोनशेवर. उंची उतरली की हवा दाट होते. याच कारणानं थंडी म्हणजे बाण खाली हे सूत्र सगळीकडे चालत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथं शून्य अंशांतही हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश एवढीच दाट, म्हणून साताऱ्याची खूण ठेवली तर बाण वरच जाईल. वहीत तिनं खुणेसमोर तीन रकाने आखले: ठिकाण, तापमान, अंगावर जॅकेट आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार अंश, पुन्हा धुकं. धनुष्य स्टँडवर, पण स्ट्रिंगवर कापडी पिशवी ओढलेली, क्विव्हरवर टोपी, फडकं कमरेला, चेस्टगार्ड बाहेरून. साडेआठला पिवळा गोल दिसला. दुपारच्याच खुणेवर सहा बाण: दोन दहा, तीन नऊ, एक आठ, आणि सगळा गट केंद्राच्या चार-पाच सेंटीमीटर खाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "ही आता हवा. घे, अर्धा मिलिमीटर."