पाण्याची वही आणि आपला विज्ञान विभाग

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञान विभागाच्या वाटचालीविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मनापासून आनंद झाला, कारण माझे पुढचे शिक्षण आणि पाणी तपासण्याच्या कामात गेलेले माझे नोकरीचे आयुष्य या दोन्हींचा पाया याच विभागात घातला गेला. आज भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या स्वतंत्र प्रयोगशाळांत वावरणाऱ्या विद्यार्थ्यांना कल्पना येणार नाही, परंतु आमच्या आधीच्या पिढीत हा विभाग म्हणजे शिक्षकांच्या खोलीतले एक काचेचे कपाट आणि वर्गावर्गांत उचलून न्यावे लागणारे एक टेबल एवढाच होता. सर प्रयोग करून दाखवत आणि मुले वहीत आकृती काढत. आकृत्या सुबक असत, नावे अचूक असत, गुणही चांगले मिळत; तरीही परीक्षानळी एकदाही हातात न धरता मॅट्रिक झालेले विद्यार्थी त्या काळी पुष्कळ होते.

हे बदलण्यास कारण झाला तो शिक्षणाचा १०+२+३ चा आकृतिबंध, म्हणजे शाळेची दहा, कनिष्ठ महाविद्यालयाची दोन आणि पदवीची तीन वर्षे. कोठारी आयोगाने १९६६ साली केलेल्या शिफारशींना अनुसरून महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली आणि विज्ञान व गणित हे विषय दहावीपर्यंत सर्वांनाच अनिवार्य झाले. वर्गात साठ मुले आणि शाळेत तराजू एकच, अशा स्थितीत तत्कालीन मुख्याध्यापकांनी मागच्या बाजूची सामानाची लांबलचक खोली रिकामी करून घेतली, तेथे नळ आणि मोऱ्या बसवल्या, आणि नागपूरच्या लकडगंजात लाकडाचा व्यवसाय असलेल्या एका पालकांनी सागाची टेबले करून दिली. ती टेबले अजून वापरात आहेत. आम्ल सांडून पडलेले काळे डाग त्यांच्यावर जागोजागी दिसतील. ते रंधा मारून काढू नयेत, अशी माझी विनंती आहे.

या खोलीत आल्यावर विज्ञान शिकवण्याची रीतच बदलली. चार-चार मुलांचे गट पडले आणि प्रत्येक गटाला स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र व परीक्षानळ्यांची घोडी मिळू लागली. काचेच्या पेटीतला तराजू वापरण्याची पाळी येण्याआधी वजनपेटीतली वजने चिमट्यानेच उचलण्याचा सराव करावा लागे, कारण बोटांचा घाम लागला तरी लहान वजनांत फरक पडतो, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितले होते. तराजूचा काटा हेलकावे घेत असताना त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे टिपून मध्य काढायचा, पारड्यात भर घालण्यापूर्वी दांडी खाली टेकवायची, पेटीचे दार लावूनच वाचन घ्यायचे, ही शिस्त त्या वयात अंगी मुरली. पुढे कितीतरी महागडी उपकरणे हाताळली, पण मोजमापाविषयीचा आदर मी त्या तराजूपाशी शिकलो.

आमच्या सरांचा आणखी एक विशेष असा की पाठ्यपुस्तकातला पदार्थ आपल्या जिल्ह्यात कोठे सापडतो, हे ते आवर्जून सांगत. पोटॅशियम क्लोरेट चार भाग आणि मँगनीज डायऑक्साइड एक भाग घेऊन ऑक्सिजन तयार करण्याच्या दिवशी त्यांनी रामटेकजवळच्या मनसरच्या खाणीतला मँगनीजचा काळा, जड दगड वर्गात फिरवला होता. जीवशास्त्राच्या बाईंनी आम्हाला टाकळीच्या बाजूला नेऊन ज्वालामुखीच्या थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म दाखवले. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी अभ्यासलेले हेच ते थर, आणि ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण रोज पाहतो ते हेच गृहस्थ, हे कळल्यावर तशाच ज्वालामुखीच्या खडकाच्या सीताबर्डीच्या टेकडीकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलून गेली.

मात्र या विभागाने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाण्याची वही. प्रत्येकाने घरचे पाणी स्वच्छ बाटलीत आणायचे, असे ठरले. महाल, इतवारी, सक्करदरा या भागांतली मुले विहिरीचे पाणी आणत, धंतोली-धरमपेठेतली मुले बहुधा नळाचे. पन्नास मिलिलिटर पाण्यात ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, साबणाचे द्रावण थोडे थोडे सोडायचे, दर वेळी बाटली हलवायची, आणि फेस पाच मिनिटे टिकला की किती द्रावण लागले ते लिहायचे. मग तेच पाणी उकळून, गार करून पुन्हा तपासायचे. पाण्यात साबणाचा फेस सहज न होणे म्हणजे दुष्फेनपणा. उकळल्यावर कमी झाला तो बायकार्बोनेटांमुळे आलेला तात्पुरता दुष्फेनपणा, आणि उरला तो कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या सल्फेट-क्लोराइडांचा कायमचा दुष्फेनपणा. आमच्या आईची नेहमीची तक्रार होती की विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तिचे म्हणणे ज्या दिवशी आकड्यांत उतरले, त्या दिवशी रसायनशास्त्र हा माझा विषय झाला. या वहीत वर्षामागून वर्षे नोंदी होत गेल्या आणि उन्हाळ्यातले व पावसाळ्यानंतरचे पाणी यांतला फरक मुलांना स्वतःच्याच आकड्यांवरून कळू लागला.

पाण्याचे शास्त्र शिकण्यासाठी नागपूरसारखे गाव नाही, असे मी अभिमानाने म्हणेन. १९५८ साली येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली आणि १९७४ पासून तीच नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखली जाते. आमची सहल तेथे गेली तेव्हा आमच्या साबणाच्या प्रयोगाचा पुढचा टप्पा तेथील प्रयोगशाळेत पाहायला मिळाला: ईडीटीएचे अनुमापन, म्हणजे ईडीटीए या रसायनाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुष्फेनपणा मोजणे, ज्यात एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा मद्यासारखा लाल रंग एका थेंबासरशी निळा होतो. पुढे शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडले गेल्यावर हाच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत होऊ लागला.

त्यानंतरची वाढ सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. १९८७ पासून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होऊ लागला आणि शाळेचे विज्ञान प्रदर्शन त्याला जोडून होऊ लागले. १९९२ साली गांधीसागराजवळ रामन विज्ञान केंद्र उघडल्यावर आपल्या मुलांना दुसरी शाळाच मिळाली. ज्यांचे नाव त्या केंद्राला दिले आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी लेखा खात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते, ही माहिती प्रत्येक तुकडीला दिली जावी.

गेल्या वर्षी मी प्रयोगशाळा पाहून आलो. संगणक आहेत, मोठा पडदा आहे, विरघळलेले क्षार क्षणात दाखवणारे मीटरही आहे. हे सारे हवेच. परंतु ते मीटर एकूण क्षार दाखवते, दुष्फेनपणा दाखवत नाही, आणि हा फरक हाताने प्रयोग केल्यावाचून मुलाच्या मनात ठसत नाही. ब्युरेट मोजक्याच उरल्या आहेत आणि पाण्याची वही बंद पडून बरीच वर्षे झाली आहेत. म्हणून अमृतमहोत्सवी निधीतला पहिला वाटा काचसामान, रसायने आणि पूर्णवेळ प्रयोगशाळा परिचर यांवर खर्च व्हावा, असे मी माजी विद्यार्थी संघाला सुचवले आहे. वही पुन्हा सुरू होणार असेल, तर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नववीच्या मुलांबरोबर टेबलाशी उभे राहण्याची माझी तयारी आहे, आणि या क्षेत्रात काम केलेल्या माझ्या वर्गमित्रांनीही आपली नावे कार्यालयात नोंदवावीत.