घरातले जुने ऑफिस बदलावे की ठेवावे?

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१० ची (वर्ड, एक्सेल वगैरे प्रोग्रामांच्या संचाची ही एक आवृत्ती) सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२० रोजी थांबवली, ऑफिस २०१३ ची ११ एप्रिल २०२३ रोजी, आणि ऑफिस २०१६ व २०१९ या दोन्हींची एकाच दिवशी, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अपडेट थांबली म्हणून वर्ड उघडायचे थांबत नाही, की एक्सेलची बेरीज चुकू लागत नाही. सॉफ्टवेअर पूर्वीसारखेच चालत राहते आणि म्हणूनच निर्णय लांबणीवर पडत जातो. आमच्या उदगीरच्या घरी ऑफिस २०१० आहे, विंडोज ७ वर चालणारे. मी दहावीला गणित शिकवत असे आणि निवृत्तीनंतरही ओळखीच्या शिकवण्यांसाठी सराव प्रश्नपत्रिका काढून देतो, सौ.च्या बचतगटाचा हिशेब त्याच संगणकावर असतो. एवढ्या कामासाठी नवे ऑफिस घ्यावे का, याचा विचार गेले काही महिने चालू होता आणि तो करताना जे हाती लागले ते येथे मांडतो, कारण माझ्यासारखे जुने ऑफिस बाळगून असलेले अनेक शिक्षक मराठवाड्यात असणार.

नव्या सुविधांचा मुद्दा चटकन निकालात निघाला. प्रश्नपत्रिका लिहायला वर्ड २०१० मध्ये काहीही कमी नाही, आणि पीडीएफ करण्याची सोयही त्यात आधीपासून आहे. एक्सेलमध्ये मात्र एकदा अडले. भाचीने बचतगटासाठी कर्जाच्या हप्त्यांची एक शीट बनवून पाठवली, तिच्यात एक्सलुकअप हे सूत्र वापरलेले होते. ते जुन्या एक्सेलला ओळखता येत नाही. जतन केलेले जुने आकडे दिसतात, पण नवी रक्कम भरून पुन्हा हिशेब करायला गेले की रकान्यात चूक दाखवली जाते. भाचीने तेच काम व्हीलुकअपने करून दिले आणि प्रश्न मिटला. एका सूत्रासाठी कोणी सगळे ऑफिस बदलत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा तसा मिटणारा नव्हता, आणि तो नेमका माझ्या विषयाशी येऊन भिडला. गणिताच्या शिक्षकाला अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक लिहायला समीकरणांचे साधन लागते. वर्डमध्ये पूर्वीपासून इक्वेशन एडिटर ३.० नावाचे एक छोटे साधन असे. ऑफिस २००७ पासून नवे, अधिक चांगले साधन आले, परंतु वर्डच्या .doc प्रकारच्या जुन्या फाइलमध्ये ते वापरता येत नाही. आणि आमच्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे जुने ऑफिस असल्यामुळे ते .doc फाइलच मागत. परिणामी माझ्या प्रश्नपत्रिकांतील बहुतेक समीकरणे जुन्याच साधनात लिहिलेली आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच साधनातील एक गंभीर दोष जाहीर झाला. सन २००० मध्ये तयार झालेला तो प्रोग्राम सतरा वर्षे तसाच ऑफिसबरोबर येत राहिला होता, आणि मुद्दाम घडवलेली एखादी फाइल नुसती उघडली तरी त्या वाटेने संगणकात परका प्रोग्राम चालवता येत होता. मायक्रोसॉफ्टने आधी दुरुस्ती दिली आणि मग जानेवारी २०१८ च्या अपडेटमधून ते साधनच काढून टाकले. तेव्हापासून अपडेट झालेल्या ऑफिसमध्ये जुने समीकरण दिसते, छापलेही जाते, पण ज्या साधनात ते लिहिले त्यात उघडून दुरुस्त करता येत नाही. मॅथटाइपसारखे वेगळे सॉफ्टवेअर घेतले तर ते जमते.

आमच्या संगणकावर अपडेट चालू ठेवलेली नसल्यामुळे ते साधन अजून शाबूत आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका आजही बदलता येतात, तीच गोष्ट हा संगणक इंटरनेटला जोडायला धोक्याची करते. सगळा निर्णय शेवटी या एका गाठीभोवती फिरला. ऑफिस बदलले तर धोका जातो आणि त्याबरोबर समीकरणांवरचा हातही जातो. न बदलले तर दोन्ही राहतात. शिकवण्यांच्या चालकांकडून, विद्यार्थ्यांकडून, कोणाकोणाच्या पेनड्राइव्हवरून फाइली येत असताना दुसरा पर्याय डोळे मिटून स्वीकारता येण्यासारखा नाही.

बरे, बदलायचे ठरवले तरी ते एकट्या ऑफिसवर भागत नाही. ऑफिस २०२४ ला निदान विंडोज १० लागते, विंडोज १० ची नेहमीची अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, निदान ४ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर असावा लागतो. आमच्या संगणकात यातले काहीच नाही. बोअरमध्ये जास्त एचपीची मोटार सोडायची म्हटले की केबल, स्टार्टर आणि पाइप यांचाही खर्च अंगावर येतो, तसेच हे आहे. ऑफिस हे केवळ निमित्त, प्रत्यक्षात नवा संगणकच घ्यावा लागतो. जो कोणी केवळ ऑफिसची किंमत पाहून हिशेब मांडतो, त्याने आधी आपल्या संगणकाचे वय पाहावे.

खरेदीचे दोन मार्ग आहेत. एकदाच पैसे भरून ऑफिस होम २०२४ घेतले तर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि वननोट एका संगणकापुरते मिळतात, आऊटलुक त्यात नाही, आणि त्याचीही अपडेट ऑक्टोबर २०२९ मध्ये संपणार आहेत. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वार्षिक वर्गणीचा. तिच्यात नवी आवृत्ती आपोआप येत राहते आणि १ टीबी ऑनलाइन जागा मिळते. वर्गणी थकली की फाइली उघडता व छापता येतात, पण लिहिता येत नाही. ज्याचे रोजचे उत्पन्न या कामावर आहे त्याला ही वर्गणी जड नाही, असे माझे मत आहे. वर्षाकाठी ठरावीक प्रश्नपत्रिका काढणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाने मात्र स्वतःच्या फाइलींत लिहिण्याचा हक्क दरवर्षी नव्याने विकत घेत राहावे, हे मला पटत नाही.

तिसरा मार्गही आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत रुळलेला आहे. संगणकाचे दुकान चालवणारा माझा एक माजी विद्यार्थी सहज म्हणाला, "सर, पैसे कशाला भरता? मी नवं ऑफिस टाकून देतो की, लाइफटाइम चालतंय." असे विनापरवाना ऑफिस चालू करण्यासाठी जो छोटा प्रोग्राम लागतो, तो बसवताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. सुरक्षिततेसाठी ऑफिस बदलायचे आणि त्यासाठी सुरक्षाच बंद करायची, हे समीकरण मला सोडवता आले नाही. ऑफिस चालू करण्याच्या काही शे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्यांचेही (प्रॉडक्ट की) तसेच. त्या कोणत्या परवान्यातल्या आहेत हे विकणारा सांगत नाही, आणि त्या पुढे रद्द होऊ शकतात. विद्यार्थ्याचा हेतू चांगला होता, म्हणून चहा पाजून मी त्याला नाही म्हटले.

समीकरणांखालोखाल अडचण मराठी फॉन्टची आहे, आणि नवे ऑफिस घेण्याआधी तिचा विचार फारच थोडे लोक करतात. आमच्या पिढीने बहुतेक मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच प्रश्नपत्रिका उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. हा दोष ऑफिसच्या आवृत्तीचा नाही, पण आवृत्ती बदलताना संगणकही बदलतो आणि फॉन्ट मागे राहतात, म्हणून तो त्याच वेळी उघडा पडतो. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून देणारी साधने आहेत आणि निबंधासारख्या सलग मजकुरावर ती बरी चालतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे वेलांट्या, रफार आणि काही जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात, इतकेच. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत मात्र मराठी वाक्याच्या मध्येच एक्स आणि वाय येतात, त्रिकोणांची इंग्रजी नावे येतात. बदलणाऱ्या साधनाला यातले खरे इंग्रजी कोणते आणि वेशांतर केलेले मराठी कोणते हे कळत नाही, आणि त्रिकोण एबीसीचेही ते मराठी करून ठेवते.

युनिकोडमध्ये असलेला मजकूर निर्धास्त असतो असेही समजू नये. अनेक शासकीय परिपत्रके मंगल फॉन्टमध्ये असतात, आणि विंडोज १० पासून मंगल हा ऐच्छिक फॉन्टांत गेला आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो येतो. तो नसेल तर मजकूर वाचता येतो, पण दुसऱ्या फॉन्टमध्ये उमटल्यामुळे दोन पानांचे परिपत्रक तिसऱ्या पानावर सांडते.

मुलाने नवा घेतल्यावर त्याचा विंडोज ११ चा लॅपटॉप घरी पडून होता. त्यावर लिबरऑफिस बसवून पाहिले. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले हे ऑफिस मोफत आहे, ते मराठी मेनूंसह मिळते, आणि त्याला अपडेट नियमित येतात. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट जाहिरातीत कोठे सांगितलेली नसते: जुन्या इक्वेशन एडिटरमधील समीकरणे उघडताना त्याच्या स्वतःच्या गणिती साधनात रूपांतरित करण्याचा पर्याय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. साधे अपूर्णांक आणि वर्गमुळे नीट आली. अनेक ओळींची, कंसांत कंस असलेली समीकरणे थोडी सरकली, ती हाताने बसवली. पानाची मांडणीही तंतोतंत येत नाही, आणि एक्सेलचे मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) ज्यांच्या रोजच्या कामात आहेत त्यांनी यावर विसंबू नये. ज्याला कार्यालयाशी फाइलींची सतत देवाणघेवाण करायची आहे आणि समोरच्याने सुचवलेले बदल त्याच फाइलमध्ये तपासायचे आहेत, त्याने सरळ मायक्रोसॉफ्टचे चालू ऑफिस घ्यावे, असे मी सांगेन.

माझ्यापुरता निर्णय असा झाला की नवे ऑफिस विकत घ्यायचे नाही. जुन्या संगणकाची इंटरनेटची जोडणी काढली आहे, आणि बाहेरून आलेली कोणतीही फाइल त्यावर उघडायची नाही. तो जुन्या प्रश्नपत्रिका पाहण्यापुरता आणि त्यांच्या पीडीएफ काढण्यापुरता राहील. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावून जात असल्यामुळे ती कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जशीच्या तशी छापली जाते. नव्या प्रश्नपत्रिका लॅपटॉपवर, युनिकोडमध्ये, वर्डच्या नव्या .docx प्रकारात. बचतगटाची शीटही तिकडेच हलवली, सौ.ची तक्रार एवढीच आहे की बटणे ओळखीच्या जागी नाहीत.

सगळा जुना साठा बदलण्याचे ओझे घेण्याचीही गरज नाही, हे फोल्डर चाळताना ध्यानात आले. दहावीची पाठ्यपुस्तके २०१८ मध्ये बदलली, त्यामुळे त्याआधीच्या प्रश्नपत्रिका पीडीएफ होऊन राहिल्या तरी पुरे. त्यानंतरच्यांपैकी गणित भाग १ आधी घेतला आहे, कारण समीकरणे त्यात अधिक आहेत. भाग २ मध्ये आकृत्या जास्त, आणि त्या वर्डमध्ये रेघारेघांनी जुळवून काढलेल्या असल्यामुळे लिबरऑफिसमध्ये विस्कटतात. त्या जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढून चित्र म्हणून चिकटवाव्या लागतील, आणि ते काम दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवले आहे.