तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीच्या बाथरूमला एवढा खर्च?

घर बघायला आलेली माणसं हॉल, स्वयंपाकघर भराभर उरकतात आणि बाथरूमच्या दारात थबकतात. मग ठरलेले दोन प्रश्न येतात. ‘केवढ्याला पडलं?’ आणि जरा थांबून, ‘एकटीसाठी एवढं?’ पहिल्याचं उत्तर तीन लाख वीस हजार. दुसरा प्रश्न आजवर हसून टाळत आले. आता हसायचा कंटाळा आलाय.

दार रुंद केलं, धरायला दांडे बसवले, ते सगळ्यांना पटतं. पण गडद हिरव्या टाइल्स, पितळी रंगाचे दांडे, आरशाभोवती दिवे कशाला? अपंग बाईला बाथरूम लागतं इथवर लोकांची समजूत जाते, तिला ते देखणंही लागेल याच्या अलीकडेच थांबते. माझ्या दादाच्या ब्लॉकमध्ये दोन बाथरूम आहेत, दोन्ही मार्बलची. त्याला कोणी ‘दोघांसाठी एवढं?’ असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

माझीही बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही. 2004 साली नाशिकला हा तळमजल्याचा ब्लॉक घेतला तेव्हा दादाच म्हणाला होता, ‘कमोडशेजारी एक दांडा लावून घे.’ मी फाडकन म्हणाले, ‘एवढी लुळी नाही झाले अजून.’ तेव्हा पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची चौकट, घालून चालत होते, रिक्षाने बँकेत जात होते. आंघोळीला कॅलिपर उतरवायचं, पाटावर बसायचं आणि हातांवर रेटत नळापर्यंत सरकायचं. ओल्या फरशीवर सरकण्यात मी तरबेज होते आणि त्याचा मला माज होता. दुकानात दांडे पाहिलेही होते. पांढरेफटक, दवाखान्यातल्यासारखे. तसला दांडा घरात आला की आपण पेशंट झालो, असं वाटायचं. तेव्हाच्या त्या बाईच्या आज दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पण तो दांडा भयाण होता, हे तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

मग 2018 चा जानेवारी. निफाडचा पारा खाली गेला की नाशिकही गारठतं, आणि पोलिओच्या पायांना थंडी जरा जास्तच धरते. खांदे आधीच कुरकुरत होते. पायांचं काम चाळीस वर्षं खांद्यांनी केलं, की दुसरं काय होणार? सकाळी साडेसहाला कमोडवरून पाटावर उतरताना हात टॉवेलच्या रॉडवर गेला. रॉड प्लास्टरसकट हातात आला आणि मी कमोड आणि दार यांच्या बेचक्यात पडले. दार 24 इंची, आत उघडणारं. कडी लावलेली नव्हती, पण माझं अंगच दाराला अडसर झालं.

आठला कामाच्या मावशी आल्या, त्यांच्याकडे किल्ली असते. त्यांनी दार ढकललं ते माझ्या कमरेवर आदळलं. ‘ताई, जरा सरका ना!’ सरकता आलं असतं तर काय हवं होतं! मावशींनी समोरच्या वहिनींना बोलावलं, वहिनींनी वॉचमनला. मग पॅसेजमध्ये आवाज वाढत गेले. कुणी म्हणे दार तोडा, कुणी म्हणे तोडलं तर त्यांच्याच अंगावर पडेल. माझ्या अंगावर कपडा नव्हता आणि बाहेर माझ्याबद्दल मीटिंग चालली होती. शेवटी मागच्या बोळातून व्हेंटिलेटरच्या काचा काढल्या. त्यातून मावेल एवढा एकच जण होता, इलेक्ट्रिशियनच्या हाताखालचा पोरगा, असेल सतरा-अठराचा. वहिनींचा आवाज आला, ‘थांब! आधी गाऊन टाक आत.’ गाऊन नेमका बादलीत पडला. तो तसाच निथळता ओढून घेतला. पोरगा भिंतीकडे तोंड करून उतरला आणि ‘बघत नाहीये ताई, बघत नाहीये’ असं म्हणत राहिला. मग डोळे मिटूनच त्याने मला काखेत धरून हातभर मागे ओढलं. दार उघडलं. बाहेर सात जण होते. मोजले मी.

उजवं मनगट मोडलं होतं. फार काही नाही, म्हणाले सगळे. माझं मनगट मोडणं म्हणजे पाय मोडणं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो दीड तास मी ती खोली जमिनीवरून बघत होते. बेसिनच्या पोटाला गवंड्याने फासून ठेवलेलं सिमेंट, जाळीत अडकलेले माझेच केस, कड तुटलेला गुलाबी मग. चौदा वर्षं मी ही खोली स्वतःला पुरेशी मानली होती. म्हणून हिरव्या टाइल्स, असं सांगितलं असतं तर गोष्ट छान जमली असती. पण ते खरं नाही. टाइल्स मला आधीपासूनच हव्या होत्या. पडले, म्हणून मागायला तोंड मिळालं.

ज्यांना खरंच मापं हवीत त्यांच्यासाठी सांगते. सार्वजनिक इमारतींसाठीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर आहे. घराला ती सक्ती नाही, मी तेवढीच घेतली. दार बाहेरून सरकणारं. व्हीलचेअर पूर्ण वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, म्हणून बाजूची साडेचार इंची भिंत पाडली. कमोडची सीट माझ्या खुर्चीच्या गादीइतकी उंच. दांड्यांसाठी भिंतीत काँक्रीटचा पट्टा भरून अँकर ठोकले. टॉवेलच्या रॉडवर यापुढे माझा विश्वास नाही. उंबरा नको, यावरून मिस्त्रीशी आठवडाभर वाद. ‘मॅडम, पाणी बेडरूममध्ये येणार.’ उतार नीट काढ, मग बघू, म्हटलं. शेवटी त्यानेच दहा बादल्या ओतून बघितल्या आणि पुढे काही बोलला नाही.

फरशी शहाबादी, खरखरीत. ती साबण धरून ठेवते, हे मान्य. सरकत्या दारातून आवाज बाहेर येतो, हेही मान्य. पाहुण्यांना मी सांगते की हिरव्यावर पितळी दांडा चटकन दिसतो, पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही, उद्या मोतीबिंदू झाला तर सोय. ते खरंच आहे. पण मी ते वकिलासारखी सांगते. मला हिरवा रंग आवडतो, एवढं पुरायला हवं होतं.

मावशींनीही विचारलं होतं, केवढ्याला पडलं. त्यांच्या चाळीत आठ खोल्यांना एक संडास. त्यांना मी एक लाख सांगितले.

रविवारी भाचीचा साखरपुडा आहे, कोल्हापूरला. हॉलच्या मॅनेजरला फोन करून विचारलं, टॉयलेटचं दार किती इंची आहे? ‘काळजी करू नका मॅडम,’ तो म्हणाला, ‘वेस्टर्न आहे.’ शनिवार दुपारपासून पाणी पिणं बंद करीन म्हणते.