तुम्ही विचारलंत म्हणून: गांधार नसलेली गाणी

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला गेलो की मुकुंदनगरच्या मैदानावर, दोन गायनांच्या मधल्या वेळेत, चहाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. "अहो, इतकी वर्षं ख्याल ऐकणारे तुम्ही, ती नव्वदीतली इंग्रजी आदळआपट ऐकून हळवे कसे काय होता?" रांगेत उभ्या उभ्या देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नसते, म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. आज जरा बसून लिहितो.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये मेटॅलिका या रॉक बँडचा काळ्या वेष्टनाचा अल्बम आला आणि सप्टेंबरात निर्वाणा या दुसऱ्या बँडचा 'नेव्हरमाइंड'. निर्वाणाचे नाव ज्या सिअ‍ॅटल शहराशी जोडले गेले त्याचे आणि सदाशिव पेठेचे एकमेकांशी काही देणेघेणे असण्याचे कारण नव्हते. पण त्याच सुमारास उपग्रह वाहिन्या घरात शिरल्या आणि दोन-तीन वर्षांत आम्हा मुलांच्या तोंडी ही नावे बसली. शब्द फारसे कळत नसत. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन नेमके काय म्हणतो, हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही धड सांगता येत नसे, याचा आम्हाला छुपा आनंद होता.

आमची कॅसेट झाली ती बारावीच्या वर्षी, १९९३ साली, पेठेतल्या एका वाड्यात, मित्राच्या थोरल्या भावाच्या डबल डेकवर, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी उतरवणाऱ्या यंत्रावर. मेटॅलिकाचा तो अल्बम ६२ मिनिटांहून थोडा मोठा आहे आणि आम्हा दोघांच्या वर्गणीत कोरी कॅसेट बसत होती ती ६० मिनिटांची. दोन मिनिटांनी काय बिघडते, असा आमचा हिशेब होता. गुरुवार असल्यामुळे सकाळभर वीज नव्हती (पुण्यात गुरुवार म्हणजे वीज मंडळाच्या दुरुस्तीचा वार, हे बाहेरच्यांना सांगावे लागते) आणि दुपारी ती आल्याबरोबर आम्ही रेकॉर्डिंग सुरू केले. बटणांना भावाखेरीज कोणी हात लावायचा नाही, ही अट होती. खाली मित्राची आजी भाजणी भाजत होती, तिसऱ्या गाण्याला तिने जिन्यातून विचारले, "अरे, त्याला काय होतंय? ओरडतोय का असा?" मित्र तेव्हा कॅसेटच्या कार्डावर हिरव्या बॉलपेनने गाण्यांची नावे लिहीत होता, बारीक अक्षरात, जीभ दातांत धरून. सहाव्या गाण्याचे नाव त्याने लिहिले, त्याखाली रेघ मारली, आणि ते गाणे पुरे होण्याआधीच फीत संपून बटण खट् करून वर आले. पहिल्या बाजूची ती सहा गाणी मिळून जवळजवळ ३२ मिनिटांची होतात आणि फितीत जागा ३० ची. मित्र म्हणाला, "जाऊ दे, कळलं ना कसं आहे ते."

यात हळवे होण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. त्याचे उत्तर मला तुमच्याच, म्हणजे गांधाराच्या (सप्तकातल्या तिसऱ्या स्वराच्या, 'ग'च्या) भाषेत देता येते. या संगीतातल्या गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असतो आणि त्यामुळे सुरांना इतके उपस्वर फुटतात की पूर्ण कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, वाजवली तर सगळा गिचडा होतो. म्हणून वादक बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम, म्हणजे सा आणि प, एवढेच धरतो. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गांधार गाळलेला. आपला तानपुराही बहुधा सा आणि प यांवरच लावलेला असतो, पण त्याच्या खर्जाच्या, सर्वांत खालच्या सुराच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे न छेडलेला गांधार आपोआप उमटतो आणि तो ऐकू आला की जाणकारांच्या माना डोलतात. गिटारचा तो सा-प रडवेला आहे की खुशीचा, गांधार कोमल धरायचा की शुद्ध, हे ती स्वतः सांगत नाही; ते गायकाने सांगायचे, आणि गायकाचे शब्द तर आम्हाला कळत नव्हते. मधली जागा आमच्यापुरती रिकामीच राहिली आणि भाजणीचा वास, हिरवी शाई, परीक्षेची धास्ती, जे हाताशी होते ते तिथे जाऊन बसले. संगीतशास्त्राला हे मान्य होईल असा माझा दावा नाही.

मानसशास्त्रज्ञ सांगतात की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत दाट राहतात. मला ते पटते, पण पुरत नाही. त्याच वर्षांत मी रमणबागेत, जिथे तेव्हा महोत्सव होत असे, रात्र रात्र जागून सवाई ऐकली, गणपतीत चौकाचौकांतली लाउडस्पीकरची गाणी ऐकली. ती कानावर पडली तर मला ते वय आठवत नाही. ती मी पुढेही ऐकतच राहिलो आणि प्रत्येक ऐकण्याने आधीच्या आठवणीवर गिलावा चढत गेला. मारवा राग ऐकून मला कोणते साल आठवावे? ही कॅसेट मात्र नोकरी लागल्यावर माळ्यावर गेली ती गेलीच. वाड्याच्या जागी इमारत आली, मित्र परदेशी गेला. २०१७ च्या मे महिन्यात साउंडगार्डन या बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल गेल्याची बातमी वाचली, तेव्हा त्या रात्री मी फोनवर ही सगळी गाणी एकामागून एक लावली. माझे डोळे कॉर्नेलसाठी भरून आले असे बायकोला वाटले आणि मीही ते तसेच राहू दिले.

त्या रात्री काळ्या अल्बमचे ते सहावे गाणे मी आयुष्यात प्रथमच शेवटपर्यंत ऐकले. आमची फीत जिथे संपत असे तिथपर्यंत जिना, चौक, आजीचा झारा, मित्राची वाकलेली मान, सगळे जागच्या जागी होते. मग कानांनी त्या खट् ची वाट पाहिली, ते आले नाही आणि गाणे पुढे चालूच राहिले. पुढची जवळजवळ दोन मिनिटे उत्तम वाजवलेली आहेत. त्यात मला काहीच आठवत नाही.