इंजिनिअरिंगच्या पदवीवर कॅलिफोर्नियात गणिताची शिक्षिका होताना: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत गणित शिकवायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे पुण्याची बी.ई. होती, आयटीतली बरीच वर्षं होती आणि रविवारच्या मराठी शाळेत शिकवण्याची सवय होती. बी.एड. नव्हतं. इथे त्या जागी टीचिंग क्रेडेन्शियल असतं. पदवीनंतर साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम विद्यापीठ शिकवतं आणि तुमची शिफारस करतं. परवाना मात्र सॅक्रामेंटोचा राज्य आयोग देतो, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात. विद्यापीठाच्या अटी वेगळ्या, आयोगाच्या वेगळ्या. हे नीट समजलं की कुठला कागद कोणासाठी जमवायचा याचा गोंधळ होत नाही. बे एरियात माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी मैत्रिणी याच विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वात आधी हात घालायचा तो भारतातल्या पदवीच्या मूल्यांकनाला. सीटीसीने मान्य केलेल्या संस्थांची यादी आहे, त्यांच्यापैकीच एकीकडून ते करून घ्यावं लागतं, आणि तेही विषयवार. माझी बी.ई. चार वर्षांची असल्याने ती इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली गेली. तीन वर्षांची बी.एस्सी. असेल तर प्रश्न येऊ शकतो. माझ्या एका मैत्रिणीच्या बी.एस्सी. आणि एम.एस्सी. एकत्र धरून बॅचलर्स मानल्या गेल्या, त्यामुळे एम.एस्सी.चे कागदही तितक्याच निगुतीने मागवावे. ट्रान्सक्रिप्टसाठी माझ्या भावाने विद्यापीठात हेलपाटे घातले. पाकीट सीलबंद हवं, चिकटवलेल्या जागी सही-शिक्का हवा. गुणांची काळजी करणाऱ्यांसाठी सांगते: कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, विद्यापीठांत क्रेडेन्शियलसाठी साधारण 2.67 जीपीए मागतात, आणि आपल्याकडचा फर्स्ट क्लास मूल्यांकनात सहसा त्याच्या वरच बसतो.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. हा सगळा बेत फोनवर ऐकून ते म्हणाले, "परीक्षा तू देशीलच गं. पण मुलांसमोर उभी राहून बघितलंस का?" मराठी शाळेतली मुलं आई-बापांनी हौसेने आणून सोडलेली असतात. सकाळी आठ वाजता नको असलेल्या तासाला बसलेला सातवीचा वर्ग ही वेगळीच गोष्ट. मग अर्ज करण्याआधी मी सबस्टिट्यूट टीचरचा, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या जागी शिकवणाऱ्या 'सब'चा, परमिट काढला. त्याला पदवी, सीबेस्ट ही वाचन-लेखन-गणिताची परीक्षा आणि लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे इतकंच लागलं. सीबेस्टमध्ये प्रत्येक भागात 41 गुण लागतात. एखाद्या भागात 37 पर्यंत खाली आलात तरी एकूण 123 झाले की चालतं. 2024 च्या मध्यापासून मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असेल तर ही अट पूर्ण झाली असं धरतात. पदवी परदेशातली असेल तर आपल्याला काय लागू आहे ते आयोगाला थेट विचारून घ्यावं.

शाळेत पाऊल टाकण्याआधी टीबी नसल्याचा दाखलाही लागतो. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. डॉक्टरांना सांगून सरळ रक्ताची चाचणी करून घ्यावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

सबच्या कामाने मला जे दिलं ते कुठल्याही क्लासने दिलं नसतं. रोज वेगळी शाळा, वेगळा वर्ग. एका माध्यमिक शाळेत मेक्सिकोहून नुकताच आलेला एक मुलगा होता. त्याच्या वहीतला भागाकार शेजारच्या मुलांपेक्षा वेगळा दिसत होता. इथली मुलं भागाकार वर लिहितात, खाली प्रत्येक वजाबाकी मांडतात. हा मुलगा वजाबाकी मनातच करून फक्त उरलेली बाकी लिहित होता. उत्तर बरोबर होतं, पण पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून त्याला ते सगळं परत करायचं होतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही कराडला शिकलो तसा भागाकार करून दाखवला, भाजक डावीकडे, उत्तर उजवीकडे. तो बघत राहिला, मग त्याने त्याच्या पद्धतीत प्रत्येक पायरी कुठे आहे ते बोटाने दाखवलं. आमच्यात इंग्रजी फारसं नव्हतंच. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. अकरावीला सायन्सला गेल्यावर वर्गात गणित कळत होतं आणि सरांचं वाक्य सुटत होतं, ते दिवस मला अजून आठवतात. त्या मुलाची अडचण गणिताची नव्हती हे ओळखायला मला वेळ लागला नाही, आणि आपण इथे खरोखर उपयोगाच्या आहोत हे तेव्हा मला पटलं.

गणिताच्या ज्ञानासाठी सीसेट ही परीक्षा दिली, कारण माझी पदवी गणितातली नव्हती. तिचे तीन पेपर असतात: पहिला संख्या आणि बीजगणित, दुसरा भूमिती, संभाव्यता आणि सांख्यिकी, तिसरा कॅल्क्युलस. पहिले दोन पास झालात तर पायाभूत गणिताचं क्रेडेन्शियल घेता येतं, कॅल्क्युलसचे वर्ग हवे असतील तर तिसराही द्यावा लागतो. प्रत्येकात 220 गुण लागतात. इंजिनिअरना कॅल्क्युलसची भीती नसते. खरी तयारी लागते ती लेखी सिद्धतांची. तिथे मला दहावीची भूमिती कामाला आली. पक्ष, साध्य, सिद्धता अशी प्रत्येक ओळीला कारण देऊन लिहायची शिस्त आमच्या बाईंनी लावली होती, तीच मी इंग्रजीत वापरली. जाता जाता: भाषा विषयाच्या सीसेटमध्ये पंजाबी आहे, मराठी नाही. इथे मराठी शाळा इतक्या जोमाने चालतात. मराठीसाठी कोणीतरी नेटाने मागणी लावून धरायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आयोगाची एक अट ऐकून बाहेरून आलेले लोक चकित होतात. अमेरिकेच्या राज्यघटनेचा अभ्यास केल्याचा पुरावा लागतो, कोर्स करून किंवा परीक्षा देऊन. परीक्षा लवकर उरकते. मी कम्युनिटी कॉलेजमध्ये कोर्स केला आणि तो वेळ सत्कारणी लागला. 1974 चा लाव विरुद्ध निकोल्स खटला तिथे वाचला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना फक्त इंग्रजीत शिकवत होते, ज्यांना ते समजत नव्हतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना काहीच मदत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे सारखी वागणूक झाली असं नाही. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यात तर देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे असा निकाल लागला. व्हिसाच्या रांगांमध्ये आयुष्याची वर्षं घालवलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना भरून आलं. शाळेच्या दारात मुलाला इमिग्रेशनचे कागद विचारायचे नाहीत, हे शिक्षक होण्याआधी मला कळलं याचं समाधान वाटतं.

प्रवेशाचा अर्ज कॅल स्टेट अप्लाय या संकेतस्थळावर भरायचा. पुढच्या फॉलसाठी, म्हणजे शरदातल्या सत्रासाठी, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो आणि प्रत्येक अर्जाला 70 डॉलर पडतात. त्याशिवाय 45 तास वर्गात निरीक्षण केल्याची नोंद, शिफारसपत्रं आणि निवेदन लागतं. शिफारशी मी अशा लोकांकडून घेतल्या ज्यांनी मला मुलांबरोबर पाहिलं होतं: सब म्हणून जिथे वारंवार बोलावत त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्या वर्गात निरीक्षण केलं ते शिक्षक, आणि मराठी शाळेच्या संचालिका. ऑफिसातल्या मोठ्या हुद्द्याच्या साहेबांचं पत्र मिळत होतं, पण वर्गात मी कशी असते हे त्यांना कुठून माहीत असणार? निवेदनात मी लहानपणापासून शिक्षक व्हायचं होतं वगैरे लिहिलं नाही. त्या भागाकाराबद्दल लिहिलं, अकरावीबद्दल लिहिलं आणि दोन्हींचा संबंध काय ते लिहिलं.

मुलाखत गटात होती. आम्हाला एका आठवीच्या विद्यार्थ्याचं काम दाखवून विचारलं की याला काय येतं? काय चुकलं असं त्यांनी विचारलं नव्हतं. अर्ध्या जणांनी लगेच चुका मोजायला सुरुवात केली. सबच्या कामात मला वह्या आधी वाचायची सवय लागली होती, त्यामुळे त्या मुलाने उतार बरोबर काढला आहे आणि त्याचं फक्त चिन्ह सुटलंय, हे मी सांगू शकले. मग घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांबद्दल प्रश्न आला. कॅलिफोर्नियात हा प्रश्न येतोच, कारण इथल्या क्रेडेन्शियलमध्ये अशा मुलांना शिकवण्याची तयारी अंतर्भूतच असते. त्यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं.

पैशाचं आधी घरात बसून नीट ठरवावं. स्टुडंट टीचिंगला, म्हणजे अभ्यासक्रमातल्या वर्गातल्या सरावाला, पगार नसतो आणि त्या काळात दुसरी नोकरी जमत नाही. माझ्या वेळी गोल्डन स्टेट टीचर ग्रँट 20,000 डॉलरपर्यंत होती आणि बदल्यात ठरावीक शाळांमध्ये 4 वर्षं शिकवायचं होतं. नंतर तिची रक्कम आणि अटी बदलल्या. केंद्र सरकारच्या टीच ग्रँटची अट मोडली तर ती व्याजासकट कर्ज होते, तेव्हा सही करण्याआधी पूर्ण वाचा. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण वर्क परमिटशिवाय सबचं काम करता येत नाही, मग निरीक्षणाचे तास आणि विनावेतन मदतीवरच भर द्यावा लागतो.

2023 च्या फॉलला प्रवेश मिळाला. पुढे 600 तासांचा वर्गातला सराव आणि कॅलटीपीए या मूल्यमापनाचे दोन टप्पे, ज्यात स्वतः शिकवतानाचा व्हिडिओ देऊन त्यावर लिहावं लागतं. मग पाच वर्षांचं प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल हातात येतं आणि पुढच्या क्लिअर क्रेडेन्शियलसाठी नोकरी करता करता दोन वर्षांचं इंडक्शन, म्हणजे अनुभवी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली शिकवणं. माझं दुसरं वर्ष चालू आहे. नेमून दिलेली अनुभवी शिक्षिका माझ्या वर्गात येऊन बसते, आणि सध्या आम्ही दोघी मिळून शाब्दिक उदाहरणं नव्याने लिहितोय, गणित सोपं न करता फक्त वाक्यं सुटी करून.